डावी तार कुठे बसावी

उन्हाळ्यात ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेची कागदी पट्टीवरची नोंद, काढायचा म्हणजे आधी छाती कोरडी करून घ्यायची. एप्रिल-मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. शेतातून थेट दवाखान्यात आलेल्या माणसाच्या अंगावर घाम आणि धूळ मिळून एक थर साचलेला असतो. त्यावर जेली लावून रबरी फुग्याचे कप बसवले की ते सरकतात आणि कागदावरची रेघ वरखाली पोहायला लागते. म्हणून मी ओल्या कापसाने आणि मग कोरड्या फडक्याने छाती पुसते, पंखा दुसरीकडे वळवते, माणसाला दोन मिनिटं नुसतं पडू देते. मग बोटाने बरगड्या मोजते. उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना चौथ्या फटीत पहिले दोन कप, पुढचे चार डावीकडे काखेपर्यंत. एक फट वर गेली तरी पट्टी वेगळंच काही सांगू लागते. बायकांच्या बाबतीत संकोचापोटी हे कप बरेचदा जिथे हात पोचतो तिथे लावले जातात, आणि त्यांच्या पट्ट्या चुकीच्या वाचल्या जातात. मला हे फार लागतं. पदर नीट झाकून, बाईशी चार शब्द बोलून, योग्य जागी कप लावायला फक्त थोडा वेळ जास्त लागतो.

तालुक्याच्या गावच्या सरकारी दवाखान्यात मी हे काम करते. हृदयाचा डॉक्टर आमच्याकडे नाही. तो भेटतो सेवाग्रामला, सावंगीला, नागपूरला. आमच्याकडून तिकडे जातो तो रुग्ण आणि त्याच्या हातातली ही पट्टी. त्यामुळे या बारा ओळींबद्दल मला जी आस्था आहे ती नोकरीपुरती राहिलेली नाही.

बारा ओळी म्हणतात, पण अंगावर तारा दहाच असतात. हातापायांना चार आणि छातीवर सहा. मशीन त्यांच्या जोड्या लावून बारा दिशांनी हृदयाकडे पाहतं. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइन्टहोव्हेन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र उभं केलं तेव्हा रुग्ण मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हात आणि पाय बुडवून बसत असे. यंत्र इतकं अवजड होतं की दवाखान्यात नेणंच शक्य नव्हतं. मग १९०५ साली त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यातल्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके आपल्या प्रयोगशाळेत नोंदवले. लांबच्या गावातल्या माणसाचं हृदय शहरातल्या डॉक्टरला दिसावं ही सोय ईसीजीच्या अगदी बालपणापासूनच आहे, आणि व्हॉट्सॲपवर नागपूरला पट्टीचा फोटो पाठवताना मला ते आठवतं. आइन्टहोव्हेन यांना १९२४ चं नोबेल मिळालं. छातीवरचे सहा कप १९३० च्या दशकात आले, हातापायांच्या आणखी तीन दिशा १९४२ मध्ये जोडल्या गेल्या आणि बारा पूर्ण झाल्या. तेव्हापासून आजपर्यंत आपण त्या बाराच वापरतो आहोत.

मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पट्टी मी घरच्यांच्या आग्रहावरून काढली. त्या पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला होता. आयुष्यभर कपाशी आणि तूर केलेला माणूस. डवरणीला बैलामागे दिवसभर चालणारा. ते म्हणाले, "निंदणाच्या बायाईले पाणी नेऊन द्यायचं तं धुऱ्यावर दोनदा बसा लागते, पोरी." रात्री आडवं झालं की खोकला, म्हणून दोन उशा. नंतर अंगणात खाटेवर बसूनच झोप. पायांवर सूज. सगळ्यांना वाटलं वय झालं. बासष्टीला कसलं वय?

पट्टी मशीनमधून बाहेर येताना मी पाहत होते. ईसीजीच्या कागदावर एक बारीक चौकोन म्हणजे चाळीस मिलिसेकंद. हृदयाचे खालचे दोन मोठे कप्पे आकुंचन पावण्याआधी त्यांच्यात वीज पसरते, त्या वेळी जो टोकदार भाग उमटतो त्याला क्यूआरएस म्हणतात. निरोगी माणसात तो दोन-अडीच चौकोनांत उरकतो. मामाजींचा चार चौकोन ओलांडून गेला होता. पहिल्या कपाखाली खोल आणि रुंद खड्डा, शेवटच्या कपाखाली रुंद, माथ्यावर खाच पडलेला डोंगर. ही खूण मी ओळखते. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, आम्ही एलबीबीबी म्हणतो.

हृदयात विजेच्या दोन मुख्य वाटा असतात, उजव्या कप्प्यासाठी एक आणि डाव्यासाठी एक. डावी वाट बंद पडली की उजवा कप्पा वेळेवर आकुंचन पावतो, पण डाव्याला वीज मिळते ती आडवाटेने, स्नायूतून झिरपत. स्नायूतून वीज त्या खास वाटेपेक्षा कितीतरी हळू चालते. त्यामुळे डाव्या कप्प्याची मधली भिंत आधी आवळते आणि बाहेरची भिंत तेव्हा सैल असते. बाहेरची आवळते तोवर मधली सैल पडलेली असते. रक्त बाहेर ढकललं जाण्याऐवजी आतल्या आत इकडून तिकडे हेलकावतं. वर्षानुवर्षं असं चाललं की कप्पा फुगतो. मामाजींना हे समजावत होते तर ते मध्येच म्हणाले, "म्हंजे एक बैल मांगं रायते. जू तिरपं होते, अन् तास वाकडं जाते." मी इतक्या वर्षांत याहून नेमकं काही ऐकलेलं नाही.

नागपूरला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. निरोगी माणसाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतो, त्यांचा २८ टक्के टाकत होता. यालाच आम्ही पंपिंग म्हणतो. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या स्वच्छ निघाल्या, म्हणजे झटका येऊन गेलेला नव्हता. औषधं सुरू झाली. हृदय कमजोर झाल्यावर आज जी चार प्रकारची औषधं देतात त्यांनी माणसं खरोखर जास्त जगतात, हे मोठ्या चाचण्यांतून पक्कं झालेलं आहे. त्यांतल्या काहींची पेटंटं संपल्यामुळे ती आता खेड्यातल्या माणसालाही परवडण्याजोगी झाली आहेत. ही बातमी कुठल्याही नव्या यंत्राइतकीच मोठी आहे असं मला वाटतं.

पण औषधं घेणं ही आमच्याकडे वेगळी परीक्षा असते. डॉक्टर सांगतात, दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नको, मीठ कमी, लघवीची गोळी सकाळी. मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली, दुपारी लाइन गेलेली असताना दीड लिटर पाण्यात दिवस काढणं काय असतं हे ज्याने काढला त्यालाच माहीत. शिवाय त्याच उन्हात घामाने अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेले की तीच लघवीची गोळी माणसाला चक्कर आणून पाडते. मामाजी एकदा असेच न्हाणीजवळ पडले. तेव्हापासून रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं हा घरचा नेम झाला. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, भराभर उतरलं तर गोळी जास्त होतेय, दोन्ही वेळी डॉक्टरांना फोन. उन्हाळ्याच्या तोंडाशी गोळीची मात्रा विचारून घ्यायची. विदर्भात हृदयाचा रुग्ण ज्या घरात आहे त्या प्रत्येक घरात वजनकाटा असावा, टीव्हीच्या आधी.

सहा महिने औषधं पोटात गेली. पंपिंग तिशीच्या वर चढेना. तेव्हा डॉक्टरांनी सीआरटीचं सुचवलं.

हा पेसमेकरच, पण तीन तारांचा. एक तार वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात आणि तिसरी डाव्या कप्प्यासाठी. दोन्ही बाजूंना एकाच वेळी वीज देऊन मागे पडणाऱ्या भिंतीला पुढच्यांच्या बरोबरीने आणायचं. १९९० च्या दशकात फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा करून पाहिलं, २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००५ मध्ये युरोपातल्या ८१३ रुग्णांवरच्या केअर-एचएफ या चाचणीने दाखवलं की योग्य रुग्णांत या यंत्राने मृत्यू कमी होतात, नुसता दमच नव्हे. पंपिंग ३५ टक्के किंवा कमी, एलबीबीबी आणि क्यूआरएस दीडशे मिलिसेकंदांच्या वर, अशा माणसाला याचा सर्वांत चांगला फायदा होतो. मामाजी या तिन्ही अटींत बसत होते.

खर्च काही लाखांचा. त्या वर्षीचा कापूस, सासूबाईंच्या पाटल्या आणि माझ्या नवऱ्याचं पतसंस्थेचं कर्ज, असं मिळून ते जमलं. मामाजी ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला म्हणाले, "मंग तुमचं मशीन त्या मांगच्या बैलाले पयले हाकलन, असंच ना?" मी हो म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

आणि मग काही झालं नाही. म्हणजे यंत्र व्यवस्थित चाललं, जखम भरली, तार सरकली नाही. पण दिवाळी गेली, तुरीचं पीक निघालं, आणि मामाजी अजून धुऱ्यावर दोनदा बसत होते. इको केली तर पंपिंग तेवढंच. "इतके पैसे लावले न पोरी, अन् मी तं अजून तिथंच आहो." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकणं कठीण होतं. घरच्यांच्या पैशाचं ओझं त्यांनी आपल्या दुखण्यावर घेतलं होतं.

त्या वेळी मी डॉक्टरांकडून आणि वाचनातून जे समजून घेतलं ते लिहावं म्हणून हा लेख. सीआरटी बसवलेल्या रुग्णांपैकी साधारण एक-तृतीयांशांना अपेक्षित फायदा होत नाही, हे तज्ज्ञ गेली वीस-पंचवीस वर्षं सांगत आले आहेत. कारणं अनेक असतात. जिथे तार टेकली तिथे जुन्या झटक्याचा व्रण असेल तर वीज पुढे जातच नाही. ठोके अनियमित असतील तर यंत्राचे ठोके पुरेसे लागत नाहीत. दोन तारांमधली वेळ बरोबर जुळलेली नसते. आणि सर्वांत साधं पण मला सर्वांत अस्वस्थ करणारं कारण, डावी तार जिथे असायला हवी होती तिथे नसते.

डाव्या कप्प्याच्या आत तार ठेवली तर गुठळी मेंदूत जाण्याचा धोका असतो, म्हणून ती बाहेरून न्यावी लागते. हृदयाचं स्वतःचं रक्त परत आणणारी एक शीर उजव्या बाजूला उघडते. डॉक्टर तिच्यातून उलट दिशेने तार सरकवत डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर नेतात. पण शीर ज्या बाजूने गेली असेल त्याच बाजूने जाता येतं. कुणाची शीर सोयीच्या जागी असते, कुणाची अरुंद, कुणाची वळणावळणाची. मामाजींच्या बाबतीत बाजूच्या शिरेत तार नीट गेली होती, पण तिथून वीज दिली की दर ठोक्याला छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा उडायचा, कारण पडद्याची नस तिथूनच खाली जाते. उचकी लागल्यासारखं. तसं माणूस जगू शकत नाही. म्हणून तार थोडी पुढच्या बाजूच्या शिरेत ठेवावी लागली. डॉक्टरांनी हे आम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी शर्थ केली होती. पण त्यांच्याकडे एक माहिती नव्हती, आणि बाराच्या बारा ओळी मिळूनही ती देऊ शकत नाहीत. मामाजींच्या हृदयाचा नेमका कुठला भाग सर्वांत शेवटी जागा होतो?

माझी पट्टी सांगते की डावी बाजू उशिरा चालते. किती उशिरा तेही सांगते. कुठे, ते सांगत नाही. बाजूच्या भिंतीचा वरचा भाग, खालचा, मागचा? सरासरीने बाजूची-मागची भिंत धरतात, आणि बहुतेकांत ते बरोबरही निघतं. मामाजी बहुतेकांत होते की नव्हते?

अमेरिकेत योराम रूडी नावाच्या संशोधकांनी अनेक वर्षं या एका प्रश्नावर घालवली. छातीच्या कातडीवर विजेची जी मापं मिळतात त्यांवरून उलट गणित करून हृदयाच्या पृष्ठभागावर काय घडलं ते काढता येईल का? २००४ मध्ये त्यांच्या गटाने माणसांवर हे करून दाखवलं. रुग्णाच्या अंगात एक जाकीट घालतात, पुढून, मागून, दोन्ही कुशींवर वीज टिपणारे इलेक्ट्रोड. बरंच वापरलं गेलेल्या एका जाकिटात ते २५२ असतात. ते अंगावर असतानाच छातीचा सीटी स्कॅन काढतात, म्हणजे या माणसाचं हृदय या माणसाच्या छातीत नेमकं कुठे आणि केवढं आहे आणि प्रत्येक इलेक्ट्रोड त्यापासून किती लांब आहे हे कळतं. मग संगणक एका ठोक्याचं गणित मांडतो आणि पडद्यावर हृदयाचं चित्र येतं. आधी जागा होणारा भाग लाल, शेवटचा निळा किंवा जांभळा. कुठेही चिरलेलं नाही, शिरेतून तार घातलेली नाही.

गणित मात्र सोपं नाही. हृदयात काय घडतंय हे माहीत असेल तर छातीवर काय दिसेल हे काढता येतं. उलट दिशेने आलं की अडचण होते, कारण फुप्फुस, चरबी, हाडं यांतून येताना विजेचे बारकावे पुसट होतात आणि छातीवरच्या मापातली इवलीशी चूक हृदयावर प्रचंड होऊन बसते. घामाने सरकलेला एक कप काय करू शकतो हे मला माहीत आहे, त्यामुळे हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. रशियन गणितज्ञ तिखोनोव्ह यांनी अशा डगमगत्या प्रश्नांना आवर घालण्याची एक रीत दिली होती, ती इथे कामाला आली. अति टोकाची, भडक उत्तरं दडपून जे मापांशी जुळतं आणि संभवनीयही असतं ते उत्तर निवडायचं. थोडे बारकावे हातचे जातात, पण चित्र उभं राहतं.

या नकाशांनी पहिली मोठी गोष्ट दाखवली ती मला आजही थक्क करते. ज्यांच्या पट्टीवर आम्ही सरसकट एलबीबीबी लिहितो, त्यांच्या हृदयांत वीज एकसारखी चालतच नाही. कुणात ती मधल्या भिंतीतून सरळ पलीकडे जाते, कुणात तिला एखादी अडवणारी रेघ लागते आणि ती वळसा घालून टोकाकडून किंवा खालून येते. पट्टी एक, वाटा वेगळ्या. फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ३३ रुग्णांचे नकाशे काढून दोन्ही कप्पे सरासरीने एकमेकांपासून किती मिलिसेकंद मागेपुढे चालतात ते मोजलं. हे अंतर पन्नासच्या वर असलेल्यांना सीआरटीचा फायदा होण्याची शक्यता कितीतरी जास्त निघाली, आणि क्यूआरएसच्या रुंदीपेक्षा किंवा एलबीबीबी आहे-नाही यापेक्षा हे माप जास्त भरवशाचं ठरलं. म्हणजे नकाशा दोन ठिकाणी उपयोगी. यंत्र कुणाला बसवावं हे ठरवताना, आणि दोन शिरा उपलब्ध असतील तर डावी तार कुठल्या शिरेत न्यावी हे ठरवताना.

इथे थांबून सांगायला हवं की ३३ रुग्ण म्हणजे फार थोडे. बोर्डोच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये या नकाशांची तुलना थेट हृदयाला तार टेकवून घेतलेल्या नकाशांशी केली, तेव्हा एकूण मेळ फारसा चांगला बसला नाही. नसलेल्या अडथळ्याच्या रेघाही दिसल्या. क्यूआरएस रुंद असलेल्या रुग्णांत मात्र मेळ बराच सुधारला, आणि सीआरटीचे रुग्ण नेमके तेच. जाकीट एकदाच वापरता येतं, महाग आहे, सीटीचा किरणोत्सर्ग आहेच. नकाशा पाहून तार बसवली म्हणून माणसं जास्त जगली, हे मोठ्या चाचण्यांतून अजून पक्कं व्हायचं आहे. मी हे उत्साहाच्या भरात झाकणार नाही. आमच्या भागात नव्या यंत्राच्या नावावर लोकांचे पैसे कसे जातात ते मी पाहिलेलं आहे.

तरीही मला या कामाची इतकी ओढ का वाटते? मोठ्या शहरातली माणसं म्हणतात, असली तंत्रं श्रीमंतांसाठी, खेड्यात आधी साधं औषध तरी मिळू द्या. साधं औषध मिळायलाच हवं. पण पुढचं मला पटत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा पहिला प्रयत्न फसला तर दुसरा करता येतो, तार काढून पुन्हा घालता येते, दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जाता येतं. ज्याच्या घरच्या पाटल्या एकदाच मोडता येतात त्याच्या छातीत अंदाजाने तार बसू नये. नेमकं मोजमाप त्याला सर्वांत आधी हवं, कारण त्याला दुसरी संधी नाही. शिवाय न चिरता, झोपवून, कातडीवरून होणारी तपासणी तालुक्याच्या गावापर्यंत येऊ शकते, जसा ईसीजी आला तशी. शिरेतून तार घालून काढायचा नकाशा कधीच इथे येणार नाही. सीटीऐवजी कॅमेऱ्याने छातीचा आकार टिपून हेच गणित करण्याचे प्रयत्न चालू आहेत, थोडेच जास्तीचे इलेक्ट्रोड लावून दोन्ही कप्प्यांतलं अंतर मोजण्याचेही चालू आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात फार जलद कंपनं टिपणाऱ्या ईसीजीवर असं काम झालं आहे, त्यात छातीवर नेहमीपेक्षा फार जास्त तारा लागत नाहीत. हे माझ्या हातात मावेल असं काम आहे.

मामाजींकडे परत येते. जाकिटाचा नकाशा त्यांच्यासाठी उपलब्ध नव्हता. पण त्यांची डावी तार चार टोकांची होती, म्हणजे एकाच तारेवर ओळीने चार ठिकाणांहून वीज देता येते, आणि कुठल्या टोकाने, उजवीच्या किती आधी, हे बाहेरून ठरवता येतं. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं की प्रत्येक बदलानंतर बारा ओळींचा ईसीजी काढून पाहता येईल का. त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. कप मी लावले. प्रोग्रामरवाला मुलगा एकेक टोक बदलत गेला, वेळ पुढेमागे करत गेला, मी पट्ट्या काढत गेले. टोक एक, टोक दोन, पडदा उडतोय, मागे या. तिसऱ्या टोकाने, डाव्या बाजूला उजवीच्या चाळीस मिलिसेकंद आधी वीज दिली तेव्हा क्यूआरएस १६८ वरून १४२ वर आला आणि पडदाही शांत राहिला. डॉक्टरांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, हेच ठेवू.

पुढच्या काही महिन्यांत मामाजी सुधारले. पंपिंग ३६ वर गेलं. त्याच भेटीत एक औषधही बदललं होतं, त्यामुळे किती श्रेय कशाचं हे मी ठामपणे सांगणार नाही. ते आता बैलामागे चालत नाहीत, पण सकाळी शेतात जाऊन येतात आणि एका उशीवर झोपतात. "आता बरोबर चालते जोडी," एवढंच म्हणाले.

या दरम्यान अजून एक वाट उघडली आहे. २०१७ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी उजव्या बाजूनेच मधल्या भिंतीत तार खोल फिरवत नेऊन थेट डाव्या वाटेच्या धाग्यांना वीज देऊन दाखवली. बंद पडलेल्या जागेच्या पुढून मूळ वाटच पुन्हा चालू करायची. तीन तारांचं महाग यंत्र न वापरता साध्या पेसमेकरनेही हे करता येतं, म्हणून भारतातल्या डॉक्टरांनी ते झपाट्याने उचललं. मला यात आमच्या लोकांसाठी सर्वांत मोठी आशा दिसते. पण तार वाटेच्या धाग्यांपर्यंत पोचली की नुसती स्नायूत अडकली, आणि डावा कप्पा खरोखर एकत्र चालू लागला की नाही, हे कळायला पुन्हा कातडीवरून नीट पाहणंच लागतं. तिथेही नकाशे वापरून पडताळणी सुरू आहे.

तुमच्या घरात कुणाला दम लागत असेल, पंपिंग कमी निघालं असेल, तर ईसीजीवर क्यूआरएस किती मिलिसेकंद आहे ते विचारा आणि जुन्या पट्ट्या फेकू नका. मी आमच्याकडून नागपूरला जाणाऱ्या प्रत्येक फाइलला जुनी पट्टी टाचते, कारण ही रुंदी कधीपासूनची हे त्यातून कळतं. थर्मल कागद उन्हात काळा पडतो, म्हणून फोटोही काढून ठेवा. तीन तारांचं यंत्र सुचवलं असेल तर डॉक्टरांना विचारा की डावी तार कुठे बसवणार, तिथे व्रण नाही ना, साध्या पेसमेकरने मूळ वाटेला वीज देता येईल का. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. यंत्र बसलं असेल आणि फरक पडला नसेल तर गप्प बसू नका, वेळ आणि टोक बदलून पाहायला सांगा, आणि दिवसातले किती टक्के ठोके यंत्र लावतंय हा आकडा लिहून घ्या. तो शंभराच्या जवळ जितका असेल तितकं चांगलं, नव्वदीच्या आसपास रेंगाळत असेल तर कारण शोधायला हवं. मामाजींचा मागच्या तपासणीत ९८ होता.